अडीचकीचं घड्याळ

मास्तरांसमोर कोणी कपात चहा उष्टा ठेवला की ते आधी काही बोलत नसत. मान डावीकडे कलती करत, कोंबडी दाण्याकडे पाहते ना, तशी, आणि कपाच्या तळाशी बघत बसत. मग नाकातून बारीक आवाज यायचा, "एक औंस. रोजचा एक औंस म्हणजे पाच महिने दहा दिवसांत एक गॅलन. कोणाच्या बापाचा आहे हो तो?"

त्या गॅलनवर हक्क सांगायला कोणाचाच बाप येत नसे. समोरचा गुपचूप चहा पिऊन टाकायचा.

बघा, हे लिहिता लिहिता माझीही मान डावीकडे गेली. पाच-सहा वर्षं झाली, तरी जाते.

आमचं गाव सालेकशाच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून कोसभर आत. जिल्हा भंडारा, आणि राजधानी तेव्हा नागपूर. गावाला एक मोठा तलाव, तलावाला मातीची पाळ, पाळीच्या खाली पंधरा-वीस घरांचा टोला आणि टोल्याला लागून शाळा. त्या शाळेत ते गणिताचे मास्तर. मी गोंदियाहून मॅट्रिक होऊन आलेलो, खालच्या वर्गांना शिकवायला. आम्ही एकाच कौलारू घरात राहायचो. मधली भिंत माणसाच्या उंचीची, वरून उघडी. त्यामुळे मास्तर झोपेत बोलायचे तेही मला ऐकू यायचं. झोपेतही ते गॅलनचे घनफूट करायचे.

मला गुण म्हणा, रोग म्हणा, एकच. नक्कल. गोंदिया स्टेशनवरचा चहावाला, मालगाडीचा गार्ड, आमचे हिंदीचे मास्टरजी, सगळे माझ्या गळ्यात भाड्याने राहायचे. मास्तर आले आणि बाकीच्या भाडेकरूंना मी बाहेर काढलं. एवढा माल एका माणसात मिळतो कुठे?

त्यांची छत्री बघा. ऊन असो, पाऊस असो, छत्री काखेत, उघडायची कधी नाही. "छत्रीवरचं पाणी वाया जाते," म्हणायचे. आंघोळ मोजून बारा तांबे. ती पण परातीत बसून, म्हणजे तेच पाणी उचलून वांग्याच्या झाडांना. घासलेटचा रिकामा डबा दिसला की त्यावर टिचकी मारायचे, "चार गॅलन." पोरगं रडत असलं की त्याच्याजवळ वाकायचे आणि एकदम गंभीरपणे म्हणायचे, "बाळ, बत्तीस कप म्हणजे एक गॅलन. तुझा अजून कपसुद्धा झाला नाही." पोरगं बावचळून गप्प व्हायचं.

आणि एकर-फूट! वर्गात शिरताच पोरांनी उभं राहून नमस्ते म्हणायचं नाही. म्हणायचं, "एक एकरावर एक फूट पाणी, त्रेचाळीस हजार पाचशे साठ घनफूट." आरतीच्या चालीवर. मग मास्तर विचारायचे, "घनफुटाचे गॅलन?" "सव्वासहा!" "गॅलनचं वजन?" "दहा पौंड!" "म्हणजे पाणी काय आहे?" आणि सगळा वर्ग छप्पर हलवून, "पाणी म्हणजे वजन!"

ही त्यांची म्हण. दिवसातून दहादा यायची.

एकदा आम्ही पोरांना घेऊन कचारगडला गेलो. गुहेत शिरलो. पोरं वर वटवाघळं बघून राहिली होती. मास्तर गायब. शोधलं तर कोपऱ्यात उकिडवे बसलेले, छतावरून थेंब पडत होता त्याखाली पाणी प्यायचा पेला धरून. मी म्हटलं, "मास्तर, पोरं भुकेजली." ते म्हणाले, "श्श्. अर्धा औंस झाला." तो पेला भरेपर्यंत आम्ही डबे खाल्ले, एक झोप काढली, दोन पोरं हरवून सापडली.

दुसऱ्या वेळी सालेकशाच्या स्टेशनावर इंजिनात पाणी भरणं चालू होतं. मास्तर डायव्हरशी बोलायला गेले. "किती गॅलन?" डायव्हर म्हणाला, "पता नहीं गुरुजी, भर गया तो भर गया." मास्तरांचा चेहरा असा झाला, जसं कोणी देवाला शिवी दिली. त्याला समजावत बसले. गाडी समजावणीच्या मध्येच सुटली. आमचं सामान गोंदियाला पोचलं, आम्ही नाही.

हसलात ना? मी पण हसायचो. गावभर करून दाखवायचो. पटेलांच्या ओसरीवर तर माझा नेमच होता. पटेल म्हणजे गावचे जुने मालगुजार. तलाव त्यांच्या आज्यानं बांधलेला. ते सुपारी कातरता कातरता म्हणायचे, "होऊन जाऊ दे गा, एक गॅलन." मी मान कलती केली की ओसरी पोट धरून लोळायची.

पण एक गोष्ट मी ओसरीवर कधी केली नाही. मास्तर मूळचे वऱ्हाडातले, खारपाण पट्ट्यातले. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. गोडं पाणी लांबून बैलगाडीवर यायचं. त्यांची आई सकाळी चार लेकरांना चार वाट्या भरून द्यायची आणि संध्याकाळपर्यंत पुरवा म्हणायची. एकदा यांच्या हातून धाकट्या बहिणीची वाटी सांडली. एवढंच सांगितलं त्यांनी. नुसते आपल्या हाताकडे बघत राहिले.

असा माणूस आमच्या झाडीपट्टीत आला. इथे तलावच तलाव. पाणी असं उघड्यावर पडलेलं, म्हशी त्यात बसलेल्या. पहिल्या दिवशी ते पाळीवर चढले आणि खालीच बसले. मला वाटलं चक्कर आली. ते म्हणाले, "हे सगळं खरं आहे?"

तेव्हापासून शाळा सुटली की छत्री काखेत मारून पाळीवर एक फेरी. पाण्याच्या बाजूने जाताना चेहरा लग्नघरातल्यासारखा. परत येताना टोल्याच्या बाजूला, खाली, घरांच्या कौलांकडे बघत यायचे, आणि चेहरा एकदम वेगळा. "आठ कोटी गॅलन," पुटपुटायचे. "एक कोटी मण. कशावर उभं आहे? मातीवर."

ती माती हाच तर सगळा घोळ होता.

आमच्याकडची रीत अशी की पावसाळ्याआधी, तलावाचं पाणी घेणाऱ्या प्रत्येक घरानं पाळीवर मातीच्या टोपल्या टाकायच्या. जेवढं शेत, तेवढ्या टोपल्या. कोणी कोणाला सांगायचं नाही. पटेल स्वतः पहिली टोपली टाकायचे. पण मालगुजारी गेली. कागदावर तलाव सरकारचा झाला. पटेल म्हणाले, "आता मी कायले टाकू? सरकार टाकंल." लोक म्हणाले, "पटेल नाही टाकत तं आमी कायले?" आणि सरकार होतं भंडाऱ्याला. त्याला काय माहीत आमच्या टोपल्या? दोन पावसाळे पाळीवर माती पडली नाही. पाणी मात्र सगळ्यांनी घेतलं.

तिसऱ्या वर्षी भादव्यात झड लागली. तलाव काठोकाठ, सांडवा वाहून राहिला. सगळे खूश. आणि मास्तरांना पाळीच्या पायथ्याशी, टोल्याच्या अगदी मागे, गवतात एक झरा दिसला. बोटाएवढा. पाळीच्या पोटातून येत होता.

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बांबू चिरून पन्हळ लावली, खाली पाण्याचा गुंड ठेवला. गुंड म्हणजे आमच्या बायका कमरेवर घेतात ती पितळी घागर, तीन गॅलनची. किती वेळात भरतो ते मोजायचं. पण घड्याळ? शाळेचं घड्याळ स्वतःच्या मर्जीनं चालायचं आणि मास्तरांचं विकलेलं होतं. मग त्यांनी काय केलं? चौथीचा वर्ग पायथ्याशी आणून उभा केला आणि अडीचकी म्हणायला लावली. त्यांच्या वर्गात अडीचकी एकाच ठेक्यात म्हणायची, छत्रीच्या टोकाच्या ठोक्यावर. एक अडीच अडीच. ठक्. दोन अडीच पाच. ठक्.

पहिल्या दिवशी गुंड "चाळीस अडीच शंभर"ला भरला.

दोन दिवसांनी "छत्तीस अडीच नव्वद"ला.

मी ओसरीवर ते पण करून दाखवलं, पोरांचे आवाज, छत्री, ठक्, सगळं. लोक हसले. पण माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी घरी येताना टोल्यातून न येता वरच्या रस्त्यानं येऊ लागलो होतो.

मग "तीस अडीच पंच्याहत्तर".

भिंतीपलीकडून आता रोज एकच आवाज. कुशी बदलायचा. मी म्हणायचो, "मास्तर, झोपा ना." ते म्हणायचे, "पाऊस वाढला का?" "नाही." "मग हा आवाज?" "बेडूक आहे मास्तर." "किती?"

त्यांनी पटेलांना सांगितलं. उपाय एकच होता. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडून तलाव अर्धा रिकामा करायचा आणि पाळीला माती द्यायची. पटेल त्यांच्याकडे पाहतच राहिले. "धान निसवाचं आहे मास्तर, लोंब बाहेर याची आहे. हत्तीचा पाऊस नाही आला तं हेच पाणी. सोडून देऊ? नाल्यात?"

हत्तीचा म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस, धानाचा शेवटचा आधार. चहाचा एक औंस ज्याच्याने पाहवत नाही, तो माणूस चार कोटी गॅलन नाल्यात सोडा म्हणायला गेला होता. ते नुसते म्हणाले, "उद्या सकाळी पुन्हा मोजू. कमी असलं तर... कमी असेल कदाचित."

सकाळी पाऊस सरळ उभा होता. पटेल स्वतः आले, डोक्यावर पोत्याची घोंगशी घेऊन. पोरं थंडीनं कुडकुडत होती. मास्तरांचा आवाज आदल्या दिवसापासून बसलेला, त्यात पावसाचा गलका. त्यांच्या छत्रीचे ठोके चिखलात, आवाजच होईना. पोरांनी अडीचकी सुरू केली. चाळीस झाली, गुंड भरला नाही. एक्केचाळीस. बेचाळीस. मास्तर श्वास धरून उभे. "चव्वेचाळीस अडीच एकशे दहा!" आणि गुंड ओसंडला.

"चव्वेचाळीस!" पटेल ओरडले. "कमी झालं ना जी! पाहा, पाळ आपली आपणच बुजते. माह्या आज्याची पाळ आहे!"

मास्तर हसले. मी त्यांना हसताना त्याच दिवशी पाहिलं. बाजूचे दोन दात त्यांना नव्हते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी घोगऱ्या आवाजात टोल्यातल्या लोकांना सांगितलं, "भीती नाही. कमी झालं. भीती नाही." लोक आपापल्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, गेले. मास्तर त्या दिवशी शाळेत न जाता घरी येऊन पोटभर जेवले आणि भर दुपारी घोरायला लागले.

शाळेत मी मधल्या सुट्टीत पोरांसमोर माझा खेळ मांडला. आधी मास्तर केले. मान कलती, छत्रीच्या जागी छडी, एक अडीच अडीच, ठक्. पोरं हसली. मग म्हटलं, आता सकाळचे तुम्ही. दात वाजवत, नाक ओढत, एकअडीचअडीचदोनअडीचपाचतीनअडीचसाडेसात...

माझी छडी मध्येच थांबली.

नक्कल करणाऱ्याचा कान खोटं बोलत नाही. माणूस काय म्हणतो ते मी कदाचित विसरेन, कोणत्या चालीनं म्हणतो ते नाही. मी पुन्हा केलं. मास्तर. ठक्... ठक्... ठक्. मग पोरं. टकटकटकटकटक. मास्तरांच्या एका ठोक्यात पोरांच्या दोन ओळी बसत होत्या, कधी तीन.

मी एका पोराला विचारलं, "काऊन रे, सकाळी एवढे भरभर काऊन म्हणत होते?"

"पाऊस लागून राहिला होता ना गुरुजी," तो म्हणाला. "लवकर संपलं तं घरी जाता येते."

चव्वेचाळीस! पाणी कमी झालंच नव्हतं. घड्याळ कुडकुडत होतं.

मी घरी पळालो. मास्तर पालथे झोपले होते, तोंड उघडं, लेकरासारखे. इतक्या दिवसांची झोप. खरं सांगतो, मी क्षणभर दारातच उभा राहिलो. मग हलवलं. "मास्तर, पोरं पळत होती."

"कुठे?"

"अडीचकीत."

त्यांना समजायला वेळ लागला नाही. गणिताचा माणूस. ते उठले, आणि पहिल्यांदाच छत्री घरी राहिली.

पायथ्याशी पोचलो. गुंड लावला. ते म्हणायला गेले तर घशातून नुसती हवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातानं खूण केली : तू म्हण. मी त्यांच्या आवाजात, त्यांच्या ठेक्यात सुरू केलं. ते स्वतःच्या मांडीवर ठोके देत होते. ठक्. ठक्. एवढ्या जवळून त्यांच्यासमोर त्यांची नक्कल मी कधी केली नव्हती, आणि आता एक ठोका चुकला तरी चालणार नव्हता. सतरा अडीच साडेबेचाळीस. अठरा अडीच पंचेचाळीस...

गुंड भरला. अठराला.

मास्तरांनी ओंजळीत पाणी घेतलं. माझ्यासमोर धरलं. चहासारखं होतं. दूध घातलेल्या. आतापर्यंत झरा स्वच्छ होता. आता पाळ आतून विरघळून राहिली होती आणि आमच्या हातात येत होती.

माझ्यामागे पळत आलेल्या पोरांना मी गावात पिटाळलं. थोड्या वेळात पाळीवर माणसं जमली, आम्हीही वर चढलो. पटेल सगळ्यांत पुढे, पायांना चिखल, चिडलेले. "आता काय नवीन?"

मास्तर माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले. मी मोठ्यानं म्हणालो, "सकाळचा हिशेब चुकला. पोरांचा वेग..." आणि माणसं फिसकन हसली. मला कळेना काऊन. मग कळलं. आवाज त्यांचा निघत होता. नाकातून, बारीक. मान पण कलली होती. मी मुद्दाम करत नव्हतो हो, कसम से. त्यांचे शब्द माझ्या तोंडातून दुसऱ्या आवाजात निघतच नव्हते.

"मास्तर," पटेल म्हणाले, "हा पोट्टा तुमच्या तोंडावर तुमची नक्कल करून राहिला."

मास्तर कुजबुजले. मी म्हणालो, त्यांच्याच आवाजात, "करू द्या. आज मला तेवढाच आवाज आहे."

हसू थांबलं.

"सकारी म्हणले कमी झालं," पटेल म्हणाले, "दुपारी म्हणता वाढलं. संध्याकारी म्हणाल तलाव उडून गेला. पाणी सोडलं अन् हत्ती नाही आला, तं धान काय तुमच्या अडीचकीवर पिकवू?"

मास्तर भराभर कुजबुजत होते, मी ओरडत होतो. आठ कोटी गॅलन. एक कोटी मण. पावणेतीन कोटी गुंड. एकेक आकडा माणसांच्या अंगावरून पावसासारखा ओघळून जात होता. कोटी म्हणजे काय? गावात कोणी कोटी पाहिलं होतं?

गर्दीच्या कडेला पार्बताबाई उभी होती. टोल्यातलं शेवटचं, पाळीला अगदी चिकटलेलं घर तिचं. विहिरीवरून येता येता थांबली होती, कमरेवर भरलेला गुंड. खाली चिखल, म्हणून ठेवला नव्हता. मास्तरांची नजर तिच्या गुंडावर गेली. सवयच ती. ते तिच्याजवळ गेले, मला मागे ओढत.

मास्तर कुजबुजले, मी विचारलं, "कवापासून उभी आहेस बाई?"

"तुमी दोघं एका तोंडानं बोलून राहिले तवापासून," ती म्हणाली. थोडे लोक हसले.

"गुंड जड झाला?"

"नाही होणार तं काय? पयले हलका होता. आता कंबर तुटून राहिली."

मास्तरांनी गुंडात वाकून बघितलं. कुजबुजले. मी म्हणालो, "पण पाणी तर तेवढंच आहे. तीन गॅलन. तीस पौंड. वाढलं नाही."

"पाणी नाही वाढत ना जी," पार्बता म्हणाली, "मी थकतो."

आमच्याकडे बाया असंच बोलतात, मी थकतो, मी जातो. पण मास्तर असे थबकले, जसं त्यांना कोणी नवीन अंक दाखवला. त्यांच्या ओठांची हालचाल थांबली. मी कान लावून उभा, तर काही येईचना. मग त्यांनी स्वतःच बोलायचा प्रयत्न केला. फाटका, घोगरा आवाज, पण त्यांचा.

"पटेल, ही पाळ पण बाई आहे. भादवाभर... कमरेवर गुंड घेऊन उभी आहे. दोन वर्षं... कोणी हात नाही दिला तिला."

पटेलांनी खाली, पायथ्याशी पाहिलं. पन्हळीतून पाणी पडत होतं, तांबडं. मग पार्बताकडे पाहिलं.

"तं उतरवा ना थो गुंड," पार्बता म्हणाली. कोणाचा ते तिनं सांगितलं नाही. मास्तरांनी तिचा उतरवून घेतला.

पटेलांनी घोंगशी काढली. सदरा काढला. "आज्याच्या हातचं तुडूम आहे," ते म्हणाले, "दुसऱ्याले हात नाही लावू देणार." आणि त्या वयात पाण्यात उतरून, बुडी मारून, त्यांनी तुडुमाची लाकडी बुचं एकेक करून काढली. पाळीपलीकडे नाल्यात पाणी सुटलं तेव्हा त्याचा आवाज टोल्यापर्यंत गेला.

अंधार पडेपर्यंत गाव माती आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकत होतं. पटेलांची टोपली पहिली. मास्तर मात्र नाल्याच्या काठावर उभे होते, पाणी जात होतं तिकडे तोंड करून. ओठ हलत होते. मला वाटलं मोजून राहिले. जवळ जाऊन कान दिला. आकडा एकही नव्हता. "सांडली नाही," म्हणत होते. "सांडली नाही मी. सांडली नाही."

दोन दिवसांनी झरा स्वच्छ झाला. आठवड्यानं बंद.

आता तुम्ही म्हणाल, मग गावानं मास्तरांना खांद्यावर घेतलं असेल. छे. हत्तीचा पाऊस आला नाही. आला तो धूळ बसवण्यापुरता. तलावात उरलेलं पाणी वरच्या शेतांना कसंबसं पुरलं, शेवटच्या बांध्यांमधलं धान निसवता निसवता वाळलं. मग सुरू झालं. पाळ फुटलीच नसती. पाळ कधी फुटली होती का? मास्तरानं उगा घाबरवलं. अन् त्या पोट्ट्यानं नाटक केलं. न फुटलेली पाळ पुरावा देत नाही. ती नुसती उभी असते, आणि लोक तिच्यावरून चालत जाऊन शिव्या देतात. पटेलांनी शिव्या दिल्या नाहीत, पण ओसरीवर बोलावलंही नाही.

मास्तरांनी बदली मागून घेतली, की त्यांना दिली, मला नक्की माहीत नाही. जायच्या दिवशी मी त्यांची ट्रंक घेऊन निघालो. ते म्हणाले, पाळीवरून जाऊ. स्टेशनचा तो रस्ता नव्हता.

पार्बता पाळीवर होती. उन्हाळा लागायचा होता, माती टाकायचे दिवसही आले नव्हते, तरी एकटीच टोपली रिकामी करत होती. तिचं शेत शेवटच्या बांध्यांमध्ये होतं. मास्तरांना ते माहीत होतं.

"तुमचं धान?" त्यांनी विचारलं.

"गेलं ना जी."

मास्तरांनी मान खाली घातली. छत्रीच्या टोकानं मातीत काहीतरी करत राहिले. मग मोठ्या कष्टानं, "घर?"

तिनं पाळीखाली बघितलं. कौलांतून धूर निघून राहिला होता.

"घर आहे," ती म्हणाली, आणि पुढची टोपली भरायला गेली.

आता लिटर आलंय म्हणतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, संपलं, ना सव्वा ना पाऊण. पोरं खूश आहेत. मास्तर इथे असते तर त्यांना करमलं नसतं. मला गोंदियाला जायची संधी दोनदा आली, मी इथेच आहे. ओसरीवर अजून कोणी म्हणतं, होऊ दे एक गॅलन, आणि मी चहावाला करून दाखवतो, गार्ड करून दाखवतो. मास्तर करत नाही.

ते मी वर्षातून एकदाच करतो, भादव्यात. चौथीच्या पोरांना पाळीच्या पायथ्याशी उभं करतो. पार्बताबाई आपला गुंड आणून देते, झरा असो नसो. ठोके मात्र मी पोरांना देऊ देत नाही. एक अडीच अडीच. ठक्. नवीन पोरं पहिल्यांदा माझा आवाज ऐकून खुदखुदतात. मग वर, पाळीकडे बघतात, आणि गप्प होतात.

या वर्षी गवतात थोडी ओल आहे. बोट बुडत नाही एवढीच. मी आज तीनदा जाऊन आलो. पाणी स्वच्छ आहे.